हॉर्नला बासरी नको

ऑक्टोबर २०२१ मध्ये नाशिकच्या एका जाहीर कार्यक्रमात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी एक विचार मांडला. गाड्यांच्या हॉर्नमधून फक्त भारतीय वाद्यांचे आवाज यावेत आणि त्यासाठी कायदा करावा, असा. बासरी, तबला, व्हायोलिन, माउथ ऑर्गन, हार्मोनियम ही नावंही त्यांनी घेतली. रुग्णवाहिकेचा कर्कश सायरन जाऊन त्याजागी आकाशवाणीवर पहाटे लागते तशी मन प्रसन्न करणारी धून यावी, हाही त्याच विचाराचा भाग होता. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत एका वृत्तपत्राच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात त्यांनी हॉर्नची कल्पना पुन्हा बोलून दाखवली. साडेतीन वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा येते, तेव्हा ती भाषणाच्या ओघात सुचलेली नसते. कायदा करायचा विचार आहे असं मंत्री दोनदा म्हणत असतील, तर त्याला उत्तरही तेवढंच गांभीर्यानं द्यायला हवं.

गडकरींचं दुखणं खरं आहे, हे आधी सांगतो. हॉर्ननं आपली शहरं नासवली आहेत. पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. नाशिक फाट्यापासून भोसरी, मोशी, कुरुळी ओलांडून चाकणपर्यंतचा रस्ता सकाळी किंवा संध्याकाळी एकदा पार केला की डोकं दुखायला लागतं, आणि त्यात धुरापेक्षा आवाजाचा वाटा मोठा असतो. कुणीतरी सत्तेतल्या माणसानं या त्रासाची दखल घेतली, याचं मला समाधान आहे. माझा विरोध उपायाला आहे. हॉर्नचा आवाज बासरीचा किंवा तबल्याचा केला तर त्रास कमी होणार नाही, रस्ता जास्त धोक्याचा होईल, आणि आपल्या वाद्यांची जी हानी होईल ती भरून काढता येणार नाही. या तिन्ही गोष्टी मी पुढे मांडतो.

हे इथूनच मांडायला हवं, कारण गाड्या इथे बनतात. पिंपरीत टाटा, आकुर्डीत बजाज आणि फोर्स, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि पुन्हा बजाज. भोसरीत केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे. वाहनांची चाचणी करणाऱ्या एआरएआयची मुख्य प्रयोगशाळा पुण्याच्या टेकडीवर आणि दुसरं केंद्र चाकणला आहे. उद्या खरोखर असा कायदा झाला तर त्या हॉर्नचं आरेखन, चाचणी आणि जोडणी याच पट्ट्यात होईल. आणि तो सगळ्यात आधी, सगळ्यात दाटीनं वाजेल तोही इथल्याच चौकांत.

हॉर्न म्हणजे काय, ते एकदा उघडून बघण्यासारखं आहे. भोसरीत कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात उभं राहिलं तर दिवसातून दोन-चार बसलेले हॉर्न येतातच. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, मध्ये लोखंडी गाभा, समोर पोलादाचा पातळ पडदा आणि त्याच्या मागे एक छोटा पॉइंट. वीज आली की गाभा पडद्याला ओढतो. पडदा आत आला की पॉइंट सुटतो, वीज तुटते आणि पडदा परत बाहेर उसळतो. हे सेकंदाला साधारण चारशे वेळा होतं. मागच्या बाजूला एक स्क्रू असतो. मेकॅनिक बॅटरीची तार लावून तो पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवतो आणि कान देऊन ऐकतो. पॉइंट जळालेला असेल तर आवाज घोगरा, फाटका येतो. बरोबर जागा सापडली की तोच हॉर्न एकदम मोकळा होतो. हे काम मीटर लावून कुणी करत नाही, ते कानानंच होतं.

म्हणजे हॉर्न बेसूर आहे, हा समजच मुळात चुकीचा आहे. अनेक मोटारींत हॉर्नची जोडी असते, एक खालच्या पट्टीचा आणि एक वरच्या. त्या जोडीच्या नेहमीच्या कंप्रता बघा. ४०० आणि ५०० हर्ट्झ अशी एक जोडी सर्रास मिळते. चारास पाच हे प्रमाण म्हणजे षड्ज आणि शुद्ध गंधार. ४२० आणि ५०० ची जोडी असेल तर दुसरा स्वर कोमल गंधाराच्या अगदी जवळ जातो. तंबोऱ्याच्या जुळलेल्या षड्जातून ज्या गंधाराची आस कानाला ऐकू येते, तोच गंधार या पत्र्याच्या डब्यांत आहे. मोटारी बनवणाऱ्यांनी दोन स्वर एकमेकांना धरून राहतील याची काळजी पूर्वीच घेतलेली आहे. तरीही आपल्याला हॉर्न नको होतो. मग सुरेलपणा आणून हा प्रश्न सुटेल, हे कशाच्या आधारावर म्हणायचं?

मूळ स्वर चारशेच्या आसपास असला तरी हॉर्नची खरी ताकद त्याच्या वरच्या उपस्वरांत असते. गाड्यांच्या हॉर्नसाठी जो आंतरराष्ट्रीय नियम आहे, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक २८ चा, तो १,८०० ते ३,५५० हर्ट्झ या पट्ट्यातल्या आवाजाला सर्वांत जास्त महत्त्व देतो. याला कारण आहे. माणसाचा कान याच भागात सगळ्यात तीक्ष्ण असतो, आणि डिझेल इंजिनाची घरघर बहुतेक याच्या खाली असते. ट्रकच्या शेजारून चाललेल्या माणसापर्यंत पोचायचं तर आवाजाला त्या घरघरीच्या डोक्यावरून जावं लागतं. आपल्याला जो कर्कशपणा बोचतो तो याच पट्ट्यातला आहे, आणि तो त्याचसाठी ठेवलेला आहे.

आता मंत्र्यांनी सांगितलेली वाद्यं एकेक घेऊन बघू.

बासरी वरच्या सप्तकात वाजते तेव्हा तिचा आवाज जवळजवळ एकाच कंप्रतेचा होतो, उपस्वर अगदी फिके राहतात. म्हणून तर ती इतकी निर्मळ वाटते. पण असा एकाकी स्वर कुठून आला हे कानाला ओळखता येत नाही. आवाजाची दिशा आपण दोन प्रकारे जोखतो. खालच्या कंप्रतांचा आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित नंतर पोचतो, त्यावरून कळते. वरच्या कंप्रतांना आपलं डोकं आडवं येतं, म्हणून पलीकडच्या कानाला तो क्षीण ऐकू येतो, त्यावरून कळते. ज्या आवाजात खालपासून वरपर्यंत सगळं आहे त्याची दिशा माणूस मान न वळवता सांगतो. मधल्या पट्टीतला एकच शुद्ध स्वर मात्र त्याला फसवतो. रस्ता ओलांडणाऱ्याला गाडी आली एवढंच समजून उपयोग नाही, ती डावीकडून आली की उजवीकडून हे कळायला हवं. ताशी ६० किलोमीटरनं येणारी गाडी अर्ध्या सेकंदात आठ मीटरहून जास्त पुढे येते. कुठून आवाज येतोय हे शोधण्यात तेवढाच अर्धा सेकंद गेला तरी पुरे.

तबल्याचं तर त्याहून कठीण. डग्ग्याचा घुमारा ज्या खालच्या भागात आहे तिथेच ट्रकचं इंजिन बोलत असतं, म्हणजे तो ऐकूच येणार नाही. दायाँचा स्वर सुंदर आहे. शाईमुळे त्याचे उपस्वर सुरेल पटीत बसतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच जगाला दाखवलं होतं. पण तो स्वर उमटतो आणि विरतो. इशारा धोका टळेपर्यंत टिकला पाहिजे. तबल्याचा आवाज टिकवायचा तर पुन्हा पुन्हा थाप हवी, म्हणजे बटण पुन्हा पुन्हा दाबायचं. क्रमांक २८ चा नियम हॉर्नचा आवाज सलग आणि एकसारखा असावा, वाजत असताना त्याचं रूप बदलू नये, असं सांगतो. तबला या अटीत बसणारच नाही.

व्हायोलिन आणि हार्मोनियम यांच्यात उपस्वर भरपूर आहेत, हे मान्य. गोविंदराव टेंब्यांच्या महाराष्ट्राला पेटीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली तेव्हाही इथल्या बैठकींत ती वाजतच राहिली. पण पेटीचा गोडवा ज्या बेतानं भाता ओढला जातो त्या बेतात आहे. हॉर्नला असा बेत सांभाळता येत नाही. आपल्याकडे मोटारीचा हॉर्न गाडीसमोर सात मीटरवर किमान ९३ डेसिबल वाजला पाहिजे आणि ११२ च्या पुढे जाता कामा नये. एवढ्या मोठ्या आवाजात, बंपरच्या आड बसलेल्या, पावसाचं पाणी आणि धूळ खाणाऱ्या तळहाताएवढ्या यंत्रातून कुठल्याही वाद्याची नक्कल काढली, तर तिथे वाद्य उरत नाही, फक्त आवाज उरतो. स्वर बदलल्यानं डेसिबल कमी होत नाहीत. ११० डेसिबलचं व्हायोलिन कानाच्या पडद्यावर तेवढंच आदळतं जेवढा आजचा हॉर्न आदळतो.

आणखी एक गोष्ट संगीत जाणणारा कुणीही सांगेल. स्वराला आधार षड्जाचा. गाड्यांचा षड्ज कोण ठरवणार? प्रत्येक कंपनीनं आपापला ठरवला तर चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेल्या शंभर गाड्या शंभर पट्ट्यांत वाजतील. ४०० हर्ट्झची एक बासरी आणि ४०८ ची दुसरी एकत्र वाजली की सेकंदाला आठ वेळा आवाज थरथरतो. बेसूर कानाला हॉर्नपेक्षा सुरेल वाद्यातच जास्त टोचतं, कारण तिथे आपण सुराची अपेक्षा धरून असतो. बरं, सरकारनं सगळ्यांना एकच षड्ज नेमून दिला, तर एक गाडी दुसरीपासून ओळखायची कशी? आणि नेमून दिलेला षड्ज चालत्या गाडीत टिकतही नाही. ताशी ८० किलोमीटरनं गाडी आपल्याकडे येताना तिचा सूर चढा ऐकू येतो, पुढे निघून गेली की उतरा. या दोन्हींमधलं अंतर षड्ज आणि ऋषभ यांच्या अंतरापेक्षा जास्त भरतं. म्हणजे हायवेच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक बासरी त्याच्या समोरच सुरातून घसरताना ऐकू येणार. भौतिकशास्त्राचा हा नियम कुठल्याही कायद्यानं बदलत नाही.

यावर काही वाचक म्हणतील की जगात इशाऱ्यासाठी संगीत वापरतातच की. वापरतात. जपानमध्ये अंध माणसांना रस्ता ओलांडताना कळावं म्हणून सिग्नलवर पारंपरिक गाण्याच्या धुना वाजवत असत. त्यांच्या जागी हळूहळू पक्ष्यांचे आवाज आणले गेले, आणि पुढे ते रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून आळीपाळीनं वाजवण्याची पद्धत आली, कारण धून ऐकून चालणाऱ्याला दिशा नीट कळत नव्हती. सुरेल आणि उपयोगी यांच्यात निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी उपयोगी ते निवडलं. आपल्याकडे घंटागाडीवर गाणं लागतं आणि ते चांगलं कामाचं आहे, कारण घंटागाडी येण्यात धोका नाही. तिला 'कचरा घेऊन खाली या' एवढंच सांगायचं असतं आणि ऐकणाऱ्याजवळ पाच मिनिटं असतात. हॉर्न ऐकणाऱ्याजवळ तेवढा वेळ नसतो.

सुरेल इशाऱ्याचा प्रयोग आपण स्वतःही करून बसलो आहोत. रिव्हर्स घेताना वाजणाऱ्या धुना आठवा. 'सारे जहाँ से अच्छा' होती, बेटोव्हनची 'फ्युर एलिझे' होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री साडेअकराला एखादी गाडी मागे घेतली जायची आणि चार मजल्यांवरची पोरं जागी व्हायची. त्या धुनांमुळे कुणाला प्रसन्न वाटलं? ज्या पिढीनं ती सुरावट फक्त रिव्हर्स गियरमधून ऐकली, तिला बेटोव्हन म्हटलं की आजही मागे येणारी गाडीच आठवते. ट्रकवाल्यांच्या संगीत प्रेशर हॉर्नचंही तेच. तो वाजवायला गंमत वाटते, म्हणून रिकाम्या रस्त्यावरही वाजवला जातो. आवाज जितका गोड, तितका तो विनाकारण वाजवायला हात लवकर जातो, आणि गोड आवाजाचा त्रास होतो अशी तक्रार करायलाही लोक कचरतात.

कायद्यालाही हे आधीपासून कळलेलं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम स्पष्ट आहे: एकापाठोपाठ वेगवेगळे स्वर काढणारा हॉर्न गाडीला लावता येत नाही, आणि अवाजवी कर्कश, तीव्र किंवा घाबरवणारा आवाज करणारं साधनही नाही. रुग्णवाहिका, अग्निशमन अशा गाड्यांना तेवढी सूट आहे. हा नियम संगीत आणि इशारा यांना वेगळं ठेवतो. आता त्याच खात्याच्या मंत्र्यांना वाद्यांचे हॉर्न हवे असतील तर आधी आपलाच शहाणा नियम मोडावा लागेल.

सायरनची धून ही सूचना मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. आकाशवाणीची ती धून १९३० च्या दशकात वॉल्टर कॉफमन यांनी बांधली. नाझींच्या छायेतून मुंबईत आश्रयाला आलेला हा ज्यू संगीतकार मुंबईच्या आकाशवाणी केंद्रात काम करत होता. शिवरंजनीच्या अंगानं जाणारी, तंबोऱ्याच्या साथीची ही धून म्हणजे कितीतरी मराठी घरांतली पहाट आहे. चहाचं आधण, अंगणातला झाडू, शाळेची घाई, सगळं तिच्याबरोबर येतं. तिचा संथपणा हाच तिचा जीव आहे. रुग्णवाहिकेला संथ राहून चालत नाही. सायरन सतत वर चढतो आणि खाली येतो, कारण अशा फिरत्या आवाजाचा निदान काही भाग तरी आजूबाजूच्या गोंगाटातून निसटून पुढच्या चालकापर्यंत पोचतो. १०८ च्या गाडीत आपलं माणूस असेल तेव्हा पुढच्या टेम्पोवाल्याला प्रसन्न वाटावं असं कुणाला वाटेल? त्याला ते तातडीचं वाटलं पाहिजे आणि त्यानं ताबडतोब बाजूला झालं पाहिजे. आणि ती धून एकदा सायरनवर गेली की पहाटेच्या रेडिओवर ती ऐकताना काळजात धस्स होईल. एवढी मोठी किंमत कशासाठी द्यायची?

संस्कृतीचा मुद्दा इथेच येतो, आणि भारतीय वाद्यांचा अभिमान दाखवणाऱ्यांना मला याबाबत कळकळीनं काही सांगायचं आहे. आपल्या परंपरेत इशाऱ्याची वाद्यं वेगळी आणि भक्तीची, मैफलीची वाद्यं वेगळी ठेवलेली आहेत. लांबवर ऐकू जावं म्हणून शिंग होतं, तुतारी होती, गडावर नगारा होता. ही वाद्यं मोकळ्या मैदानासाठी आणि मोठ्या आवाजासाठीच घडवली गेली. बासरी, तबला, पखवाज, वीणा यांना आपण वेगळी जागा दिली. त्यांना पाय लागला तर आपण नमस्कार करतो. याच औद्योगिक पट्ट्याच्या कुशीत आळंदी आहे, देहू आहे. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत १९१७ पासून मुलं कीर्तन आणि पखवाज शिकत आली आहेत. तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्काम करते, कारखान्यांच्या भिंतींना लागून टाळमृदंग वाजतात. त्या मृदंगाच्या भावंडाला आपण हॉर्नमध्ये कोंडणार, आणि माणूस तो कधी वाजवणार? चिडला असताना. शिवी देता येत नाही म्हणून. पुढच्याचा सिग्नल सुटूनही तो हलत नाही म्हणून. रोज हजारो वेळा रागानं वाजवलेली बासरी पाच वर्षांनी मुलांच्या कानाला कशाची आठवण करून देईल, याचा विचार व्हायला हवा.

मग हॉर्न वाजतो तरी का? चाकणच्या तळेगाव चौकात फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास उभं राहून बघा. पुणे-नाशिक हायवेला तळेगाव-शिक्रापूर रस्ता छेद देतो. महाळुंगेकडून कंपन्यांच्या बसगाड्या येतात, कामगारांच्या मोटारसायकली त्यांच्या दोन्ही अंगांनी घुसतात, आणि या सगळ्यात नव्या मोटारी वाहून नेणारा एखादा लांबलचक ट्रेलर वळण घेऊ लागतो. त्याचा मागचा भाग वळणात आला की तीन बाजू एकदम बंद. आता त्याच्या मागच्या प्रत्येकाला दिसतंय की ट्रेलर हलल्याशिवाय कुणीही हलणार नाही. आणि नेमका तेव्हाच हॉर्न सुरू होतो. एकानं दाबला की दुसरा दाबतो, ओळीच्या शेवटी असलेल्याला काय अडलंय ते दिसतही नसतं, तोही दाबतो. या हॉर्नमध्ये कसलीही सूचना नाही. पुढच्याला तो काही सांगत नाही, कारण पुढच्याला करण्यासारखं काही नसतं. तिथे वाजणाऱ्या हॉर्नचा आवाज कर्कश असो की केदाराच्या आलापासारखा असो, तो वाजायलाच नको होता.

या गर्दीत पायी चाललेला माणूसही असतो, त्याचा विचार कुणी करत नाही. प्रेसशॉपमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या कामगाराचा कान सगळ्यात आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास अधू होतो. आवाजानं येणारा हा बहिरेपणा कायद्यानंही व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. वरची पट्टी कानानं गमावलेली आणि खालची पट्टी इंजिनाच्या घरघरीत बुडालेली, अशा माणसाला वाचवायचं तर हॉर्न खालपासून वरपर्यंत पसरलेल्या आवाजाचा हवा. पातळ, गोड, एकेरी स्वराचा फटका सगळ्यात आधी त्यालाच बसेल. शहराबाहेरच्या बंगल्यात बसून हॉर्नची गोडी ठरवताना हा माणूस नजरेसमोर असायला हवा.

आता करायचं काय, तेही सांगतो, कारण नुसता नकार पुरेसा नाही.

वरची ११२ डेसिबलची मर्यादा खाली आणा. दहा डेसिबल कमी केले तर ध्वनीची शक्ती दहाव्या हिश्शावर येते आणि कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो. वाद्य बदलून जे साधणार नाही ते इथे एका आकड्यानं साधेल. शहरात मंद आणि हायवेवर मोठा, असे दोन पातळ्यांचे हॉर्न युरोपातल्या काही गाड्यांत पूर्वी होते. आज वेग मोजणारं यंत्र प्रत्येक गाडीत आहे, तेव्हा कमी वेगाला हॉर्न आपोआप हळू होईल अशी सोय करणं चाकणच्या अभियंत्यांना अवघड नाही.

दुसरी गोष्ट अंमलबजावणीची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफनुसार विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त हॉर्न वाजवला तर पहिल्या वेळी १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात आणि निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ हॉर्न वाजवायला ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई केलेली आहे. महाराष्ट्र परिवहन खात्यानं २०१५ मध्ये ट्रकच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' काढायला लावलं, ते योग्यच होतं, पण पाटी पुसल्यानं सवय पुसली गेली नाही. २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी सिग्नलला डेसिबल मीटर जोडून दाखवला होता: आवाज ८५ डेसिबलच्या पुढे गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात. ऐझॉलसारख्या डोंगरातल्या शहरात चालक रांग धरतात आणि हॉर्नला हात लावत नाहीत, तेही याच देशात. तिथे कुणी बासरी बसवलेली नाही.

तिसरी गोष्ट रस्त्याची. चाकणला अवजड वाहनांसाठी वेगळी वेळ आणि वेगळी जागा, कंपन्यांच्या बसगाड्यांना रस्त्याच्या बाहेर थांबे, चौकांवर उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग, आणि चालणाऱ्यांसाठी सलग पदपथ. ही कामं खर्चाची आणि वेळखाऊ आहेत, हे खरं. पण हॉर्न दाबण्याचे प्रसंगच कमी करणारी दुसरी वाट नाही. यातलं हायवेचं काम गडकरींच्याच खात्याच्या हातात आहे आणि रस्ते बांधण्याबद्दल त्यांचा जो लौकिक आहे तो मोठा आहे. तोच लौकिक त्यांनी इथे कामी लावावा.

आणि संगीताला खरोखरच मोटारीत जागा द्यायची असेल तर ती जागा आहे, फक्त ती हॉर्नमध्ये नाही. विजेवरच्या गाड्या हळू चालतात तेव्हा जवळजवळ आवाजच करत नाहीत. आकुर्डीत बनणारी विजेवरची चेतक असो की पीएमपीची ई-बस, पादचाऱ्याला ती आल्याचं कळत नाही. संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा नियम विजेवरच्या मोटारी, बस अशा गाड्यांनी ताशी २० किलोमीटर वेगापर्यंत आवाज करावा असं सांगतो: १० किलोमीटर वेगाला किमान ५० डेसिबल, आणि वेग वाढेल तसा सूरही वेगाच्या दर किलोमीटरला किमान ०.८ टक्क्यानं चढला पाहिजे. इथे आवाज हळू आहे, सतत आहे, रागानं दाबायचं बटण नाही, आणि चढणाऱ्या सुराला अर्थ आहे. आपल्या कलावंतांना आणि ध्वनी-अभियंत्यांना एकत्र बसवून काही नवं घडवायचं असेल तर ते इथे घडवा. त्या कामाला माझा मनापासून पाठिंबा राहील.

हॉर्नवर वाद्यं बसवण्याचा कायदा मात्र होऊ नये. केंद्रीय मंत्रालयानं ही कल्पना सोडून द्यावी आणि ११२ चा आकडा कमी करण्याचा मसुदा काढावा. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयानं आणि मोशीच्या आरटीओनं कलम १९४-एफखाली दर महिन्याला किती कारवाया झाल्या ते जाहीर करावं. कंपन्यांनी आपल्या बसचालकांना आणि ट्रेलरवाल्यांना हॉर्नबद्दल लेखी सूचना द्यावी. ते त्यांच्या करारात बसतं. आणि तळेगाव चौकात, आंबेठाण चौकात, भोसरीच्या पुलाखाली किंवा नाशिक फाट्यावर समोरची गाडी हलू शकत नाही हे डोळ्यांना दिसत असेल, तर वाचकांनो, हॉर्नवरचा हात काढा.